आमच्या पांढऱ्या गाडीचं तक्रार पुस्तक

पस्तीस वर्षं एसटीची लाल गाडी चालवली म्हटल्यावर माणसं हमखास विचारतात, "काका, किस्से असतील ना ढीगभर?" खरं सांगू? नोकरीत फारसे नाहीत. माझी गाडी वेळेवर सुटायची, वेळेवर पोचायची. त्यात किस्सा कसला घडणार! किस्से साठले ते रिटायर झाल्यावर, घरच्या पाच सीटच्या गाडीत, आणि तेही एकाच डिसेंबरात. सांगायला बसलो की बायको म्हणते, "अहो, चहा गार होतोय." होऊ दे.

झालं असं. दिवाळीत मनवेलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगखाली गाडी लावताना डावा आरसा खांबाला लागून फुटला. तो खांब चुकीच्या जागी आहे, हे मी पहिल्यापासून सांगतोय! पण माझ्या मुलाने, नितीनने, विषय धरून ठेवला.

"बाबा, बहात्तरचे झालात. चावी आता खिळ्याला लावा."

मला ते फार लागलं. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून माझ्या कपाटात आहे. मी म्हटलं, "डिसेंबरभर मी सगळ्यांना फिरवतो. वसई-विरारच्या बाहेर जात नाही. महिन्यात एक तक्रार आली, तर चावी खिळ्यावर. नाही आली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही!"

"तक्रार करायची कुठे?" सूनबाईंनी, म्हणजे स्नेहाने विचारलं.

प्रश्न रास्त होता. डेपोत तक्रार पुस्तक असायचं, तसं आपल्याकडेही हवं. नात ओवीने शाळेची कोरी वही दिली आणि वरती स्केचपेनने नाव घातलं. स्नेहाकडे स्वतःचं लायसन्स आहे, क्लास लावून, परीक्षा देऊन काढलेलं. पण माझ्या सीटवर दुसरं कोणी बसलेलं मला चालत नाही, त्यामुळे ते लायसन्स पर्समध्येच असतं.

पुस्तक सांभाळायला मी आमच्या मास्तरांना बोलावलं. कंडक्टरला आम्ही मास्तर म्हणायचो. पास्कू वसईच्या गावातला. आम्ही दोघांनी बावीस वर्षं एकाच गाडीवर ड्यूटी मागून घेतली. तो माझ्या शेजारी पुढे. मागे खिडकीशी माझी कुसुम, मधे ओवी, पलीकडे स्नेहा. कुसुमला गाडी लागते, म्हणून ती आपली खिडकी कुणाला देत नाही. नातीलाही नाही! नितीन बाईकवरून मागून येणार, पूर्वी आमचे चेकर यायचे तसा.

पहिल्या दिवशी सगळे बसले. पास्कूने हात खिडकीबाहेर काढला आणि बोटातल्या अंगठीने टपावर वाजवलं. टक टक. डबल बेल! दोन म्हणजे चला, एक म्हणजे थांबा. माझा पाय डोक्याला विचारून चालतच नाही. तो बेल ऐकतो.

*

पहिली ट्रिप अर्नाळ्याला. समुद्र झाला, वाळूत ओवीचं घर बांधून झालं, निघालो. स्टॉपवर एक मावशी मासळीची टोपली घेऊन उभी होती. तिने हात केला.

स्टॉपवर कुणी हात केला की मी थांबतो. काय करणार? थांबलो!

"आगाशीला सोर रं मना," मावशी म्हणाली. पास्कूने खाली उतरून मागचं दार उघडलं आणि हाक दिली, "आत सरकून घ्या, आत सरकून घ्या!" ओवी आजीच्या मांडीवर गेली, मावशी मधे बसली आणि टोपली अर्धी मावशीच्या, अर्धी स्नेहाच्या मांडीवर आली.

आगाशीला उतरताना मावशीने मूठभर मांदेली काढून स्नेहाच्या नव्या ड्रेसवर ठेवली. "घे गो, पोरीला तलून घाल."

घरी आल्या आल्या स्नेहाने वही मागितली. मला घाम फुटला. पहिल्याच दिवशी चावी जाणार! पास्कूने चष्मा लावला आणि शांतपणे म्हणाला, "तिकीट नंबर टाका. त्याशिवाय तक्रार ग्राह्य नाही."

"तिकीट दिलंतच कुठे?"

"म्हणजे तुम्ही विनातिकीट प्रवास केलात?"

स्नेहाने पेन खाली ठेवलं. मांदेली मात्र कडक तळली तिने.

*

दुसरी ट्रिप चिंचोटीला. ओवीने मोबाईलवर धबधब्याचा व्हिडिओ पाहिला होता. मी म्हटलं, चला! जिथे गाडी जाते तिथे मी नेतो.

गाडी जाते तिथपर्यंत नेलं. पुढे जंगलातली पायवाट. चालकाने गाडी सोडून जायचं नसतं, म्हणून मी आणि पास्कू खालीच थांबलो आणि डब्यातले कांदेपोहे संपवले. बाकीची मंडळी दोनेक तासांनी परत आली ती लालबुंद होऊन. ओवी तर रडायच्या बेतात.

"आजोबा, धबधबा नाहीच आहे!"

वर त्यांना गुरं राखणारा एक म्हातारा भेटला होता. नितीनने त्याला विचारलं, पाणी कुठे आहे? तो म्हणाला, "पानी जुलैला आलतं. आता दगडं हाईत, ती बगा."

नितीनने वही उघडली. तो लिहायच्या आतच पास्कूने ती मिटली. "ही तक्रार पाण्याची आहे. आपलं खातं वेगळं."

*

मधे एक आठवडा असा गेला की रोज संध्याकाळी कुणाला ना कुणाला कुठेतरी सोडायचं होतं. ओवीच्या मैत्रिणीचा वाढदिवस, कुसुमच्या बहिणीकडे सत्यनारायण, स्नेहाच्या ऑफिसातल्या कुणाचं केळवण. प्रत्येक वेळी पास्कू हजर! वसईहून बस पकडून यायचा.

आणि त्या आठवड्यात मला जाणवलं, की म्हातारपणी पास्कू फार बडबड्या झालाय. बावीस वर्षं तिकिटांपलीकडे न बोलणारा माणूस, आता गाडी सुरू झाली की त्याचं सुरू! "पुढे स्पीडब्रेकर आलाय हं... डावीकडून रिक्षा घुसतेय... म्हातारी रस्ता ओलांडतेय, लाल साडी बघ कशी नेसलीय..."

"मास्तर, मला डोळे आहेत," मी एकदा म्हणालो.

"आहेत की. मी आपला टाइमपास करतोय."

करू दे बिचारा, म्हटलं. घरात सुनांपुढे त्याला बोलायला मिळत नसेल.

*

आता वसईच्या किल्ल्याचा किस्सा. हा मी कुसुमसमोर सांगत नाही.

किल्ल्यात हल्ली दर दहा पावलांवर एक नवरी उभी असते. लग्नाआधीचे फोटो. त्या दिवशी चार नवऱ्या, चार नवरे आणि त्यांची खटलीच्या खटली हजर होती. आमचं फिरून झालं. ओवीला आइसक्रीम हवं होतं, म्हणून ती आणि स्नेहा नितीनच्या बाईकवर बसून पुढे गेल्या. हिरवी साडी नेसलेली कुसुम चिंचा घ्यायला गेली होती. पास्कूने खिडकीतून मागे डोकावून बघितलं, हिरवी साडी दिसली, टक टक!

निघालो. कुसुम मागे एकदम गप्प. चालकाने मागे बघायचं नसतं. पण मला संशय यायला हवा होता, कारण कुसुम एवढी गप्प चव्वेचाळीस वर्षांत कधी बसलेली नाही!

पापडीजवळ मागून आवाज आला, "आला का हॉल?"

आवाज बाईचा होता, पण कुसुमचा नव्हता. कुठल्याशा नवरीची आत्या पाय दुखतात म्हणून आपली समजून आमच्या पांढऱ्या गाडीत बसली होती आणि तिथेच झोपली होती. गाडी वळवली. किल्ल्याशी कुसुम एका दगडावर बसून चिंचा खात होती.

आत्याबाईंना त्यांच्या माणसांच्या ताब्यात दिलं. मी हळूच म्हटलं, "तक्रार?"

कुसुमने चिंचोका थुंकला. "माझी तक्रार जुनी आहे. वहीत मावायची नाही."

ती गाडीत शिरली, खिडकी उघडून बाहेर बघत बसली.

*

नाताळात पास्कूच्या घरी. वाडीतल्या अरुंद वाटेने गाडी आत घातली. त्याच्या बायकोने, मेरीवहिनींनी, अंगणात कुंड्या रांगेने मांडल्या होत्या. त्यांतल्या तीन गेल्या. संध्याकाळची वेळ होती, उजेड कमी होता, कुंड्या मातीच्याच रंगाच्या. कुणालाही दिसल्या नसत्या!

"मीच त्या चुकीच्या जागी ठेवायला लावल्या," पास्कू घाईघाईने म्हणाला. मेरीवहिनींनी त्याच्याकडे पाहिलं आणि खापऱ्या गोळा करायला लागल्या.

पडवीत गोठा मांडला होता. बाळ येशू, मारिया, जोसेफ, गाई, मेंढ्या, गवत, वर चांदणी. आणि मेंढपाळांच्या मागे, गवतात, एक खेळण्यातली लाल बस.

"पास्कूकाका, तेव्हा बस कुठे होती?" ओवीने विचारलं.

"मग एवढी माणसं लांबून आली कशी?" पास्कू म्हणाला. "आणि वेळेवर पोचली ना? मग झालं तर!"

मेरीवहिनी म्हणाल्या, लग्न झाल्यापासून दर वर्षी ती बस ठेवतात. पूर्वी फादर हसायचे, आता तेच विचारतात, बस आली का म्हणून. मी वाकून बघितलं. बसच्या पुढच्या काचेत इवलासा चालक रंगवला होता. त्याला माझ्यासारख्या मिश्या होत्या.

*

महिन्याची शेवटची ट्रिप. भुईगावचा समुद्र. नितीनला ऑफिस होतं, त्यामुळे चेकिंग नाही. वही कोरी. पैज जिंकल्यात जमा होती. मी तर स्वेटरवर बिल्लाही लावला होता.

दुपार कलली होती. गाडी पश्चिमेला चाललेली, ऊन सरळ काचेवर. रस्ता मोकळा दिसत होता. पास्कूची बडबड नेमकी थांबली होती, ओवीने त्याला गोष्ट सांगायला घेतली होती म्हणून. कुसुम डोळे मिटून लिंबू हुंगत होती, स्नेहा मोबाईलमध्ये.

टक.

एकच. पाय गेला ब्रेकवर. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

मग मला तो दिसला. पाववाला. सायकलीला मागे एवढी मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक. बॉनेटपासून हातभर अंतरावर. आमच्याकडे न बघताच त्याने पों पों वाजवलं आणि शांतपणे वळून गल्लीत गेला.

"आजोबा, इथे तर स्टॉप नाहीये," ओवी म्हणाली.

"कुणीतरी हात केला होता," पास्कू म्हणाला. त्याचा हात अजून खिडकीबाहेरच होता. मग त्याने दोन वाजवल्या, आणि आम्ही निघालो. पुढचा सगळा रस्ता तो एकेक गोष्ट सांगत राहिला. स्पीडब्रेकर, रिक्षा, कुत्रं, पोस्टाची पेटी. मी सगळं ऐकलं.

समुद्रावर बाकीचे उतरले. चालकाने गाडी सोडायची नसते. मी बसून राहिलो. गाडीच्या समोरच्या ड्रॉवरमधून वही काढली. महिनाभराची कोरी, पहिल्या पानावर फक्त मांदेलीचा एक डाग. पेन घेतलं आणि लिहिलं.

'चालकाला सायकल दिसली नाही.'

खाली सही केली. बिल्ला नंबरही टाकला.

पास्कू शहाळं घेऊन आला. मी वही पुढे केली. त्याने चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून पुसला.

"तिकीट नंबर नाही," तो म्हणाला. "तक्रार ग्राह्य नाही."

"चालकाला तिकीट लागत नाही, मास्तर."

त्याने वही मिटून शर्टात सरकवली.

सूर्य बुडायच्या आत निघायचं ठरलं. मंडळी वाळू झटकत आली. मी दार उघडून खाली उतरलो आणि चावी स्नेहाच्या हातात दिली.

"मी?" ती म्हणाली. "बाबा, तुम्ही तर जिंकलात की!"

"लायसन्स आहे ना पर्समध्ये? मग बसा. सीट पुढे ओढून घ्या, तुमचा पाय पोचायचा नाही."

मी मागचं दार उघडलं. कुसुम आपल्या खिडकीशी बसली होती, ओवी पलीकडे आईच्या जागेवर. तिने मला बघितलं, स्टिअरिंगवर बसलेल्या सुनेला बघितलं, आणि मग हातातलं लिंबू पिशवीत टाकून मधे सरकली.

"खिडकीशी तुम्ही बसा," ती म्हणाली. "तुम्हाला कधी बाहेर बघायला मिळालंय?"

पुढे पास्कूने हात बाहेर काढला. टक टक. स्नेहाने हळूच गाडी काढली.