आधी बोटं, मग मनगट

मिस्टर चेन यांनी पेन्सिल पुन्हा टेबलावर ठेवली. मी फाइलमध्ये लिहिलं, 'पेशंट रिफ्यूज्ड'. सलग चौथ्यांदा.

मी अमेरिकेत, एडिसनला ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. म्हणजे आजारपणानंतर माणसाला बटण लावणं, घास उचलणं पुन्हा शिकवते. चेन निवृत्त शाळामास्तर. स्ट्रोकनंतर त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. त्यांची मागणी एकच, चीनमधल्या बहिणीला स्वतःच्या हाताने लिहायचं. ती नव्वदीची, ठार बहिरी, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. त्यांच्या मुलीने टाइप केलेलं पत्र पाठवलं, तर बहिणीने उलट विचारलं होतं, "तो गेला का? खरं सांगा."

माझी बॉस वैशालीताई नागपूरची, तोंडाने फटकळ, मनाने बरी. म्हणाली, "शुक्रवारपर्यंत बघ यार. प्रोग्रेस नाही दिसला तर थेरपी थांबवून डिस्चार्ज करावं लागेल."

'हात' या अर्थाचं चिनी अक्षर मी ठिपक्यांत काढून दिलं होतं. आमचा नियम, सोपं ते आधी. म्हणून मी मधली उभी रेघ पहिली गिरवायला द्यायचे. चेन तिथेच अडायचे. शुक्रवारी मी शेवटी विचारलं, का?

त्यांनी डावा पंजा टेबलावर पसरला. पूर्वी हे अक्षर म्हणजे हाताचं चित्रच होतं, ते सावकाश म्हणाले. वरच्या रेघा ही बोटं. उभी रेघ खाली उतरते, ते मनगट. "मनगट शेवटी. बहिणीने माझा हात धरून असंच शिकवलंय."

मला आईने हात धरून गिरवून घेतलेली पाटी आठवली. शिरोरेषा आधी काढली की चापटी बसायची. आधी अक्षर, मग रेघ. आता माझी मुलं मराठी लिहीत नाहीत आणि मी आईला व्हॉइस मेसेज पाठवते. ती चापटी पुन्हा मिळावी असं फार वाटलं. मान खाली घालून मी कागद बदलला.

चेननी वरून सुरुवात केली. अक्षर वाकडंतिकडं आलं, मनगट तर कागदाबाहेर निघालं होतं. पण पूर्ण झालं. वैशालीताईने ते पाहिलं आणि डिस्चार्जचा फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला. तेवढं एक अक्षर पाकिटातून चीनला गेलं.

महिन्याभराने उत्तर आलं. मुलीने वाचून दाखवलं, "मनगट सरळ काढ." चेन हसता हसता रडले.

धडा एवढाच, 'रिफ्यूज्ड' लिहिण्याआधी एकदा 'का?' असं विचारावं.

त्या रविवारी मी आईला पत्र लिहायला बसले. दीड ओळीत हात भरून आला. रोज दोन ओळी, असा होमवर्क मीच मला दिलाय.