योगिनीची पाच मिनिटं

कल्पना करा, एका बाईच्या सोळा वर्षांच्या नोकरीवर तुम्हाला पाच मिनिटांची फिल्म करायची आहे. पुण्यात सॉफ्टवेअर तपासायच्या साध्या नोकरीवर ती लागली तिथपासून, व्हिडिओच्या एका मोठ्या कंपनीची देशातली प्रमुख झाली तिथपर्यंत. फोटो आहेत, मुलाखती आहेत, इंग्रजी मासिकांची मुखपृष्ठं आहेत. मागे सनई लावायची की सतार, एवढंच ठरायचं आहे. आता त्यात एक गोष्ट आणखी घाला. कॉलेजात ती बाई तुमच्या शेजारच्या संगणकावर बसायची, आणि तिचं बरं झालेलं तुम्हाला आजवर एक दिवसही बघवलेलं नाही.

इंदापूरजवळच्या बावड्याचा गोकुळ कोकाटे अशाच कामाला बसला होता. शिक्षणानं तो संगणक अभियंता, धंद्यानं ठिबक सिंचनाच्या दुकानाचा मालक. दुकानाच्या मागच्या खोलीत तो व्हिडिओही करायचा: तुंबलेल्या नळ्या कशा मोकळ्या करायच्या, फिल्टर कधी धुवायचा. ‘ठिबकवाला गोकुळ’ म्हणून एक्केचाळीस हजार माणसं त्याला बघायची. गिऱ्हाईक यायचं ते याच व्हिडिओंमुळे. हे व्हिडिओ जिथं दिसायचे त्या ‘रंगफीत’ कंपनीची प्रमुख होती योगिनी. म्हणजे गोकुळचं दुकान चालायचं ते तिच्या दारात बसून. ही गोष्ट त्यानं कुणाला बोलून दाखवली नव्हती, पण सकाळी शटर वर करताना ती रोज त्याच्या मनात यायची.

योगिनीची नवी मुलाखत आली की तो ती पहिल्या तासात बघायचा. ऐकण्यासाठी नाही, चुका काढण्यासाठी. कुठं अडखळली, कुठल्या आकड्याला कागदाकडं बघितलं. दुकानात एक जुना दुसरा फोन होता. त्यावरून तो तिच्या प्रत्येक मुलाखतीला नापसंतीचा अंगठा द्यायचा. बायको रेश्मानं एकदा ते बघितलं आणि पदरात तोंड दाबून हसली. म्हणाली, “बाकी कुणी नसंल देत. एकच अंगठा दिसतोय. तिला नाव कळत न्हाय ते बरं हाय.”

रेश्मा बोलायची ते खोटं नसायचं, म्हणून जास्त लागायचं. कॉलेज संपताना पुण्याच्या एका कंपनीनं गोकुळ आणि योगिनी दोघांनाही मुलाखतीला बोलावलं होतं. त्याच दिवशी साखर कारखान्याची ऊसतोडीची टोळी गोकुळच्या उसाला आली. तोड आली की शेतकरी लग्नाचा मुहूर्तसुद्धा मागे सारतो. टोळी एकदा दुसऱ्याच्या फडात गेली की महिनाभर परत येत नाही. गोकुळ थांबला, योगिनी एसटीत बसून गेली. पुढं सोळा वर्षं तो हे असंच सांगायचा: ऊस होता म्हणून राहिलो. रेश्मा एकदा भाकरी थापता थापता सहज बोलून गेली की तोड तर थोरल्या भावानं, दादांनी पण बघितली असती. त्यावर गोकुळ दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

पण ही झाली लहान दुखणी. मोठं दुखणं होतं ‘शिदोरी’चं.

शेवटच्या वर्षी दोघांचा मिळून एक प्रकल्प होता. त्या काळी बावड्याच्या चौकात मोबाईलच्या दुकानात माणसं मेमरी कार्ड भरून घ्यायची, गाणी, कीर्तनं, तमाशाचे तुकडे, आणि रानात जाऊन बघायची, कारण रेंज असायची गावात आणि माणूस असायचा रानात. गोकुळनं ते लहानपणापासून बघितलेलं. कॉलेजच्या कँटीनमध्ये वडा खाता खाता तो योगिनीला म्हणाला होता की फोननंच आपलं आपण कार्ड भरून घ्यावं, गावात रेंज आहे तोवर. रानात गेलं की शिदोरी सोडल्यासारखं सोडायचं. योगिनीनं ते जर्नलच्या मागच्या पानावर लिहून घेतलं होतं. पुढं सहा-सात वर्षांनी रंगफीतमध्ये तिनं नेमकं तेच आणलं. नावही तेच, शिदोरी. खेड्यापाड्यातली माणसं त्याच्यामुळे रंगफीतवर आली आणि योगिनी वर वर चढत गेली. गोकुळला तिचे पैसे नको होते, खुर्चीही नको होती. एकदा कुणीतरी चारचौघांत म्हणावं, की हे गोकुळला सुचलं होतं. बास.

आणि आता बारामतीच्या त्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी योगिनीचा सत्कार ठरवला. मंडळाचे अध्यक्ष माळेगावचे आबासाहेब. ते स्वतः दुकानात आले, चहा घेतला आणि परिचयाची फिल्म गोकुळच्या गळ्यात घालून गेले. तुझ्यासारखा व्हिडिओवाला दुसरा कुठं शोधायचा, असं वर म्हणाले. गोकुळला नाही म्हणता आलं नाही. खरं तर म्हणायचंही नव्हतं.

जुने फोटो आणायला तो काटेवाडीला योगिनीच्या वडिलांकडं, दत्तोबांकडं गेला. दत्तोबांनी अंगणात खुर्ची टाकली, आतून डबा आणला आणि एकेक फोटो पुसून हातात दिला. उघड्या दारातून बैठकीच्या भिंतीवर तिच्या फोटोचं मासिकाचं मुखपृष्ठ चौकटीत लावलेलं दिसत होतं. गोकुळनं त्या भिंतीकडं पाठ करून खुर्ची फिरवून घेतली. दत्तोबांना वाटलं ऊन लागतंय.

चार दिवस फिल्म चालली. शाळेतला फोटो निवडताना त्यानं मुद्दाम तेल थापलेल्या वेण्यांचा निवडला. पहिल्या नोकरीची दोन वर्षं त्यानं सात सेकंदांत संपवली. मग तो प्रकल्पापाशी आला. त्याच्याजवळ एक फोटो होता: प्रयोगशाळेत दोघं, मध्ये संगणक, फळ्यावर गोकुळच्या अक्षरात ‘शिदोरी’. फोटो त्यानं लावला. काढला. परत लावला.

रेश्मा मागे उभी राहून बघत होती. “ऱ्हाऊ द्या की त्यो. खोटा हाय का?”

खोटा नव्हता. पण आपल्याकडच्या सत्कारांची एक रीत असते. मांडव घालणारा, हार आणणारा, फिल्म करणारा, कुणी स्वतःचं नाव घेत नाही. ते पाहुण्यानं घ्यायचं असतं, माईकवरून, शाल खांद्यावर असताना. स्वतःहून घेतलं तर पाच मिनिटांत सगळ्या बारामतीला कळतं की बुवाला हौस होती. गोकुळनं विचार केला, तिला आठवत असेल तर ती घेईलच. फोटो पडद्यावर बघून तिनं नाव घेतलं तर त्याला काय अर्थ? त्यानं फोटो काढून टाकला. त्या जागी नुसती कॉलेजची इमारत दाखवली.

सत्काराला मंगल कार्यालय भरलं होतं. योगिनी साध्या सुती साडीत आली, डोक्यावर फेटा बांधून घेतला, पहिल्या रांगेत वडिलांशेजारी बसली. फिल्म सुरू झाली तेव्हा गोकुळ मागे प्रोजेक्टरजवळ उभा होता. तो पडद्याकडं बघत नव्हता, तिच्या फेट्याकडं बघत होता. कॉलेजची इमारत आली आणि गेली. फेटा किंचित पुढं झुकला, मग स्थिर झाला.

ती बोलायला उठली तेव्हा हातात दोन कागद होते. शिक्षक, गाव, पहिली नोकरी, सगळं ती वाचून दाखवत होती. बोलताना अधूनमधून ‘आमी’ म्हणत होती आणि लोक खूश होत होते. शिदोरीचा विषय आला तेव्हा तिनं कागद खाली ठेवला. थोडं थांबली. मग म्हणाली, “ही कल्पना कुठून आली, मला सगळे विचारतात. माझे वडील, हे समोर बसलेले आबा, रानात जाताना शिदोरी बांधून न्यायचे. तिथून आली.”

टाळ्या किती तरी वेळ चालल्या. आबासाहेबांनी दत्तोबांना हाताला धरून मंचावर नेलं आणि त्यांच्याही गळ्यात हार घातला. गोकुळनं प्रोजेक्टरची वायर गुंडाळली. नीट गुंडाळली गेली नाही म्हणून सोडून परत गुंडाळली.

जेवणाच्या पंगतीत दत्तोबा मुद्दाम त्याच्या शेजारी येऊन बसले. वाढपी पुढं गेला तसे हळूच म्हणाले, “गोकुळराव, एक इचारू? मी तर जल्मभर दूध संघाच्या गाडीवर डायव्हर. जेवान हाटेलात. मी शिदोरी घिऊन रानात कवा गेलो?”

 गोकुळनं मान हलवली. म्हणाला, “बोलायच्या ओघात गेलं आसंल, आबा.”

“व्हय. आसंल,” दत्तोबा म्हणाले आणि भातावर आमटी ओतून घेतली. “हार मात्र माझ्या गळ्यात पडला.”

म्हणजे योगिनी खोटं बोलली होती. विसरली असती तर निदान दुसरं काही खरं सांगितलं असतं. गोकुळच्या पोटात जी आग होती तिला सोळा वर्षांत पहिल्यांदा पक्कं कारण मिळालं होतं. त्याला वाटलं, आता जाऊन विचारावं. चारचौघांत विचारावं.

पण तीच आली. गाडीकडं निघालेली, मागे माणसांचा घोळका, ती घोळका थांबवून त्याच्यापाशी आली.

“गोकुळ, फिल्म छान झाली,” ती म्हणाली. “आपला प्रोजेक्ट का नाही घातलास? तो फळ्याचा फोटो होता ना तुझ्याकडं?”

गोकुळला ओठांवर आलेलं सगळं गिळावं लागलं. “पाच मिन्टांत बसला न्हाय,” तो म्हणाला.

“असं होय.” ती म्हणाली. “मला वाटलं, तुला नको आहे.” मग कुणीतरी फोटोसाठी हाक मारली आणि ती गेली.

परत येताना इंदापूर आल्यावर सोबत आलेल्या रेश्मानं विचारलं, बाई काय म्हणत होती? गोकुळनं सांगितलं. दत्तोबांचंही सांगितलं. 

त्यानंतर त्यानं दुसऱ्या फोनवरून अंगठा दिलेला नाही. हेवा गेला असं नाही; ती टीव्हीवर दिसली की अजूनही त्याचा हात रिमोटकडं जातो. फक्त त्या हेव्यात आता एक कुसळ अडकून बसलं आहे. योगिनीचा नंबर आबासाहेबांकडून त्यानं मागून घेतला आहे. निरोप दोनदा लिहून पुसला आहे. त्याला फक्त एकच विचारायचं आहे: मंचावर जो कागद तू वाचता वाचता खाली ठेवलास, त्यावर शिदोरीच्या पुढं कुणाचं नाव लिहिलेलं होतं?