सांधा नसलेल्या होडीवरची अक्षरं

माझ्या टेबलावर आत्ता नारळाचं एक सोडण, वरच्या जाड सालीचा तुकडा, पडलं आहे. एका टोकाला चेचून चेचून त्याच्या दशा काढलेल्या, आणि त्या दशांत निळा तेलरंग वाळून दगड झालेला. उन्हं खिडकीतून आत आली की त्याला वास सुटतो. अर्धा रंगाचा, अर्धा खाडीच्या चिखलाचा. शेजारच्या बरणीत कॉलेजातून आणलेले बोरू आणि निबा शहाण्या मुलांसारख्या उभ्या आहेत. त्यांना कसलाच वास नाही. या सोडणाचा वास आला की मला देवबागची ती वाळूची चिंचोळी पट्टी दिसते, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या, मधे ओंडक्यांवर चढवलेली होडी, आणि तिच्या कुशीशी गुडघे टेकून बसलेले माझे बाबा.

बाबा मासेमारी करत. पण नारळी पौर्णिमेच्या आधीचे पंधरा दिवस ते वाडीचे होत. दर्या मासेमारीला पुन्हा उघडायच्या आत प्रत्येक होडीवर नाव नव्याने लिहायचं, आणि ते बाबांनीच लिहायचं, असा रिवाज होता. बाबांना वाचता येत नव्हतं. एक ओळसुद्धा नाही. कुणीतरी पाटीवर नाव लिहून द्यायचं, बाबा पाटी हातभर लांब धरून डोळे बारीक करायचे, आणि त्या अक्षरांत त्यांना त्यांच्या ओळखीच्या वस्तू दिसायच्या. आमच्या होडीचं नाव ‘भरती’. ते मला बाबांनी शाळेच्याही आधी शिकवलं. "आदी गाठ, मगे गळ, मगे नांगर. आणि नांगराक डोलकाठी." आजही ‘भ’ लिहिताना माझ्या बोटांना गाठ मारल्यासारखं वाटतं.

कुंचला त्यांनी कधी विकत आणला नाही. सोडणं आठवडाभर खाडीच्या चिखलात भिजत घालायची, मग दगडावर चेचायची. जाड रेघेला सोडण, बारकीला माडाच्या पातीतला हीर, आणि लाटेसारखी फरफटलेली रेघ हवी असेल तर जुन्या फणीचा तुकडा. माकूल माशाच्या चपट्या हाडाने ओला रंग खरवडला की अक्षराच्या पोटात पांढरी शीर उमटे. पण खरी गोष्ट वेगळीच होती. बाबा वरची रेघ कधीच मारत नसत. लाकडी होडीच्या दोन फळ्यांमधला सांधा, तीच त्यांची वरची रेघ. "अक्षर उभां ऱ्हवना नाय गो, तां लटाकता. तेका सांदो दी," म्हणायचे, आणि दोरीवर धुणं घालावं तशी एकेक आकृती त्या सांध्याखाली सोडायचे. भरल्या दर्यात होडी डुलली की अक्षरंही डुलल्यासारखी दिसत.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवते, आणि मिरवणार. चित्रकलेच्या कॉलेजात अक्षरलेखनाच्या पहिल्याच तासाला निब किती अंशांत धरायची ते सांगितलं गेलं. मी घरून येताना पिशवीत सोडण, हीर आणि फणीचा तुकडा आणला होता. मोठ्या कागदावर तीन अक्षरं लिहून दिली. सरांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला. "ही अक्षरं नाहीत, हे ओरखडे आहेत. पुन्हा करून आण." मी दुसऱ्या दिवशी तसाच कागद नेला, फक्त दुप्पट मोठा. गुण कमी पडले. पुढे निबही शिकले, चांगली शिकले, कारण न येणाऱ्या गोष्टीला नावं ठेवणं मला पटत नाही. पण ओरखडा हा शब्द मी त्या दिवशी उचलला आणि अजून खाली ठेवलेला नाही. ज्याला अक्षर वाचता येत नाही, तो ते किती निरखून बघतो, हे त्या वर्गात मला एकटीलाच ठाऊक होतं.

मी शिकत असतानाच वाडीत पहिली फायबरची होडी आली. मालकाने मानाने बाबांना बोलावलं. मी सुट्टीला घरी होते, रंगाचा डबा धरून मागोमाग गेले. बाबांनी सोडण खाली ठेवलं आणि होडीच्या अंगावरून तळवा फिरवला, पुढच्या टोकाच्या नाळीपासून मागपर्यंत, मग परत. आंधळा माणूस भिंतीत दार शोधतो तसा. होडी गुळगुळीत होती. "हेका सांदोच नाय गो," ते मला हळूच म्हणाले, "अक्षरां खंय लटकवू?" डबा न उघडताच आम्ही घरी आलो. त्यानंतर त्यांनी कुठल्याच होडीवर नाव लिहिलं नाही. वाडीत स्टिकर आले. दोन वर्षांपूर्वी बाबाही गेले.

या वर्षी धाकट्या भावाने आमची नवी होडी घेतली, फायबरचीच. नाव तेच, ‘भरती’. मी पौर्णिमेच्या चार दिवस आधी जाऊन उभी राहिले.

"स्टिकर उद्या येतलो," भाऊ म्हणाला. "चकचकीत."

"मी लिवतलंय."

"गो ताई, इतक्या शिकलंस आणि सोडणान लिवतंस? लोक हसतले."

"हसांदे. हसणारे काय तुझ्यावांगडा जाळा ओढूक येतत?"

पहिल्या दिवशी मी पट्टी लावून रेघ मारली. अक्षरं दुकानाच्या पाटीसारखी दिसली, मेलेली. घासलेट लावून सगळं पुसलं. भाऊ नुसता हसला. ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी पडवीत बाबांच्या जुन्या होडीचं सुंभ खुंटीला दिसलं. ते घेतलं, निळ्या रंगात बुडवलं, एक टोक नाळीच्या कडीला बांधलं आणि दुसरं भावाच्या हातात दिलं.

"धर. घट."

"सुंभ जळलो तरी पीळ जायना नाय तुझो," म्हणाला, पण धरलं. मी मधोमध सुंभ ओढून सोडलं. फट्! होडीच्या अंगावर एक केसाळ, शिंतोडे उडालेली, कुठे जाड कुठे विरलेली रेघ उमटली. अर्धे शिंतोडे भावाच्या शर्टावर. "सगळी घाण केलंस गो!" तो ओरडला. मग वाकून रेघ निरखू लागला. सुतार फळी कापायच्या आधी दोरी मारतो तशी ती होती, आणि जुन्या होडीच्या सांध्यासारखीही. मी तिला गाठ लटकवली, गळ लटकवला, नांगर. डोलकाठीच्या वेळी भावाने माझ्या हातून सोडण घेतलं आणि ती काठी त्याने ओढली. वाकडी. मी ती सरळ केली नाही.

तेलरंग खाऱ्या पाण्यात फार टिकत नाही, हे मला कळतं. स्टिकर टिकला असता. पण टिकलेल्या अक्षराशी पुन्हा कुणाला गुडघे टेकून बसावं लागत नाही. परवा भावाचा फोन आला. म्हणाला, "नांगर पुसत इलो. कधी येतंस? सोडणां मी भिजत घातलंय."