मामाजींच्या कुंडीतली रोपं

सासरे आमच्याकडे घुग्घुसला राहायला आले तेव्हा त्यांच्यासोबत एक पत्र्याची पेटी होती. सासूबाई गेल्यावर पोंभुर्ण्याकडच्या गावात ते वर्षभर एकटे राहिले. मग डोळ्यांना कमी दिसायला लागलं आणि माझ्या नवऱ्याने त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं. आमचं घर दोन खोल्यांचं. पेटी मी गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत नेऊन ठेवली. तिच्यात काय आहे हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आमच्यात बोलणंच तेवढं असायचं, चहा ठेवू का, जेवता का. मी त्यांना मामाजी म्हणायची. ते मला कशानेच हाक मारत नसत. काही हवं असलं तर स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन खाकरायचे.

असे दोन उन्हाळे गेले.

मागच्या अंगणात जाळीचं घर करायचं माझ्या मनात बरेच दिवस होतं. आमच्याकडे काही लावा, संध्याकाळपर्यंत पानावर काळी भुकटी बसते. रस्त्याने दिवसभर कोळशाचे ट्रक चालू असतात, मेथीची जुडी चार पाण्यांत धुतली तरी दाताखाली कचकचते. शेजारी ग्रिलचं काम करणारे एक वेल्डरभाऊ राहतात. त्यांनी उरल्यासुरल्या पाइपांचा सांगाडा उभा करून दिला, मी आणि त्यांच्या बायकोनं, मी तिला भाभी म्हणते, दोघींनी मिळून हिरवी जाळी शिवून त्यावर चढवली. वरून पावसापुरतं प्लास्टिक. आत कमरेएवढे दोन वाफे आणि मधून एका माणसाला जाता येईल एवढी वाट.

पहिल्या वर्षी नुसते टमाटर लावायचे ठरले, पण कोणते यावर घरात एकमत होईना. नवऱ्याला कच्चे कापून मीठ लावून खायला मोठे गोल हवे होते. मला भाजीत आंबटपणा उतरेल असे. कृषी केंद्रातला माणूस म्हणाला, "बाई, जागा लहान हाये न? मग वेलावानी वर चढनारं घ्या. दोरीले बांधा, पानाच्या बगलेतली फूट काढत राहा. झुडपाचं घेतलं तं चालाले जागा नाई राहनार." मी चढणाऱ्या गोल टमाटरांचं एक पाकीट घेतलं आणि एक बोराएवढ्या लहान फळांचं. बी गुलाबी औषधात घोळलेलं होतं. सोबत खाचांचा ट्रे आणि त्यात मातीऐवजी भरायची नारळाच्या भुशाची वीट.

भाद्रपदातल्या एका सकाळी मी ओसरीत ट्रे भरत बसले होते. मामाजी समोर येऊन उभे राहिले, खाकरले नाहीत.

"भेदरं लावून राह्यली का?"

आमच्याकडे जुनी माणसं टमाटराला भेदरंच म्हणतात. मी हो म्हटलं.

"माही पेटी खाली आनून दे बरं."

पेटीत दोन धोतरं, सासूबाईंचं एक लुगडं आणि लुगड्याच्या घडीत गाठ मारलेली चिंधी होती. चिंधीत राखेत कालवलेलं बी. "तिनं ठेवलं होतं," एवढंच म्हणाले. ट्रे त्यांना नको होता. त्यांनी एक मातीची कुंडी घेतली, अंगणातली माती आणि शेणखत हाताने चाळून भरलं आणि बोटाने चाचपत चाचपत सगळं बी त्यात टाकलं.

हे बी उगवणार नाही असं मला तेव्हाच वाटलं होतं. गच्चीवरची ती खोली चैत्र-वैशाखात अशी तापते की दाराची कडी फडक्याशिवाय धरवत नाही. त्या खोलीत मी ती पेटी दोन उन्हाळे ठेवली होती.

माझा पहिला ट्रे मी पाण्याने मारला. रोज सकाळ-संध्याकाळ झारी. रोपं सुईएवढी वर आली आणि मानेत सडून एकामागून एक आडवी झाली. मी पुन्हा बी पेरलं, यावेळी पाणी हात आखडून दिलं, आणि ते छान उगवलं. मामाजींची कुंडी मात्र तशीच. आठ दिवस झाले, बारा झाले. ते रोज सकाळी स्टूल घेऊन कुंडीजवळ बसायचे, मातीवरून बोट फिरवायचे. "आलं का?" असं मला विचारायचे, आणि मी "अजून नाई" म्हणायची. दोन वर्षांत आमचं सर्वांत जास्त झालेलं बोलणं ते हेच.

पंधराव्या दिवशी ते केस कापायला गेले. मी ट्रेमधली लहान फळांच्या जातीची सहा रोपं काडीने उचलली आणि त्यांच्या कुंडीत लावली. वरची माती बोटाने सारखी केली.

ते परत आले, स्टुलावर बसले आणि मातीवर बोट ठेवलं. मग दुसरं. मोजत गेले.

"सहा आले," म्हणाले.

त्या रात्री त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. नवऱ्याला म्हणाले, "तुह्या मायच्या हातचं बी हाये, उशीर लागते त्याले." मी पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेले.

दहा-बारा दिवसांनी रोपं वाफ्यात हलवायची वेळ आली. माझी मी लावली. मामाजी आपली स्वतः लावणार म्हणाले. त्यांनी कुंडी आडवी करून थोपटली, पहिलं रोप तळहातावर घेतलं आणि मुळाची माती बोटांनी सैल करायला लागले. करता करता थांबले. बोटांच्या चिमटीत काहीतरी चोळलं, नाकाशी नेलं. मला दुरूनही दिसलं ते. नारळाचा भुसा. मुळांना गच्च बिलगून बसलेला.

त्यांनी ते रोप तसंच वाफ्यात लावलं. सहाही रोपं लावून झाली, प्रत्येकाभोवती माती दाबली, हात धुतले आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी जाळीत आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. जेवण अर्धं टाकून उठायचे. नवरा ड्युटीवरून आला की विचारायचा, "बाबाले बरं नाई का?" मी म्हणायची, माहीत नाही.

चौथ्या दिवशी मीच त्यांच्या खाटेजवळ जाऊन खाली बसले.

"मामाजी, ते रोपं माह्या ट्रेतले होते. मीच लावले."

"माहीत हाये."

"भुशानं समजलं न?"

"भुशानं पक्कं समजलं. शंका तं त्याच दिवशी आली होती. गावठी बी असं एका दिवशी सहा-सहा येत नाई. एक आज येईन, एक चार दिवसानं, आपल्या मर्जीनं." मग म्हणाले, "पन मले वाटलं, येत बी असन. वाटू देलं मी."

मग मला ते सगळं सांगावं लागलं. पेटी टिनाखाली कोणी ठेवली, किती दिवस ठेवली. सांगता सांगता मी पदराने डोळे पुसत होते. ते छताकडे बघत ऐकत होते.

"उन्हानं मेलं का जुनं होऊन मेलं, बीले विचारता येते का? चूक माही हाये. मी बोललो नाई. तुनं विचारलं नाई म्हनून मी सांगतलं नाई, अन् मी सांगतलं नाई म्हनून तुनं विचारलं नाई." मग एकदम माझ्याकडे वळून, "तू रडू नको व बाई. ती असती तं तिनं बी हेच केलं असतं. लय लबाड होती."

मला हसू आलं आणि त्यांनाही. त्या दिवशी ते दुपारभर सासूबाईंबद्दल बोलले. वेलावरचं पहिलं फळ ती कोणाला खाऊ देत नसे, पिकवून वाटीत कुस्करून ठेवायची, दोन दिवस आंबलं की धुऊन राखेत वाळवायची. गावात कोणीही मागितलं की मूठ भरून द्यायची. हे सांगताना ते उठून बसले. "कोनाकडं तं असनच," म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एस.टी.ने गावाला गेलो. त्यांच्या घराशेजारच्या गोंड कुटुंबातल्या बाईच्या कुंपणावर भेदऱ्यांचा वेल पसरला होता, हरभऱ्याच्या घाट्यापेक्षा थोडी मोठी फळं, काही पिवळी, काही लाल. मामाजींनी एक तोडून तोंडात टाकलं.

"हे आमच्या घरच्या बीचं का व?"

ती बाई खरं बोलणारी होती. म्हणाली, "आता कोनाचं म्हनून सांगू, मामा? तिच्याकडून मी नेलं, माह्याकडून तिनं नेलं. जंगलाच्या बाजूनं पाखरं बी टाकते."

मला वाटलं, ते हिरमुसतील. पण ते तिथेच कुंपणाला टेकून आणखी चार-पाच खात राहिले. तिने पिकलेली फळं पळसाच्या पानात बांधून दिली आणि आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

त्या फळांचं बी मामाजींनी कार्तिकात लावलं, कुंडीतच. उगवलं आपल्या मर्जीनं, पहिलं आठव्या दिवशी, शेवटचं विसाव्या. त्या हिवाळ्यात माझ्या गोल टमाटरांनी दोऱ्या वाकवल्या. मी कुंडीत लावलेल्या त्या सहा रोपांनाही इतकी फळं आली की भाभीकडे ताट भरभरून गेली. मामाजी ती सहा स्वतःच बांधायचे, बगलेची फूट नखाने खुडायचे. गोल जात मात्र त्यांनी शेवटपर्यंत पाणचट म्हटली, आणि रोज जेवताना कापून मागितली.

वैशाखात जाळीतही फुलं गळून पडली, पानं वळली. आम्ही दोघांनी मिळून वेल उपटले, दोऱ्या सोडवून गुंडाळून ठेवल्या. यंदा वेल्डरभाऊंनी त्यांच्याही अंगणात सांगाडा उभा केला आहे. परवा भाभी भिंतीवरून मला विचारत होती, कौनसा लगाऊं. मी तोंड उघडायच्या आधीच मामाजी खुर्ची ओढून भिंतीपाशी जाऊन बसले, आणि चहा गार होईपर्यंत तिला समजावत राहिले, भाजीला कोणतं, चटणीला कोणतं, आणि पाणी किती कमी.