सैल मान

"मान सैल सोडा, सर. आता ती तुमची नाही, माझ्या ताब्यात आहे."

एवढं म्हणून तो दोन्ही हातांनी माझं डोकं धरायचा. कट्कन आवाज व्हायचा. मग आरशातून विचारायचा, "बोला! गेली का कळ?" खरं म्हणजे कळ जायची ती घरी पोचेपर्यंतच. पण असं कुणी तोंडावर सांगतं का? तुम्हीही सांगितलं नसतं.

सिडकोत भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं सलून. माणूस सटाण्याकडचा. नाशकात राहून बोलणं शहरी झालेलं, पण घाबरला की अहिराणी बाहेर पडायची. मी दिवसभर कॉम्प्युटरपुढे वाकून बसणारा. मान आणि खांदा कायम दगड. दर रविवारी मी त्याच्या खुर्चीत.

शेवटी बायकोनं मला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी खांद्यावर बोटं फिरवून आखडलेल्या स्नायूतली गाठ शोधली, बारीक सुईनं तिथंच औषध सोडलं, व्यायाम शिकवले आणि बजावलं, "सलूनमध्ये मान मोडून घेणं बंद. एखाद्या दिवशी महागात पडेल." हळूहळू मला मागं वळून बघता येऊ लागलं.

त्यानंतर सलूनमध्ये त्यानं मान धरली तेव्हा मी म्हणालो, "आज नको, भाऊ. बरी आहे आता."

"बरी होणारच! हात कुणाचा आहे?"

मी नुसता हसलो. आधीच मी कमी बोलणारा, त्यात त्याचा चेहरा असा उजळलेला. पुढं कित्येक महिने मी तसाच हसत राहिलो. नव्या गिऱ्हाइकाला तो माझ्याकडे कंगवा रोखून सांगायचा, "हे सर बघा. डॉक्टर नाही, सुई नाही. निस्ता हात!" मी पेपरात तोंड घालायचो.

त्याच दिवसांत त्याचा स्वतःचा खांदा धरला. जन्मभर हात वर धरून केस कापलेले; आता उजवा हात खांद्याच्या वर जाईना. पण गडी हार मानणारा नव्हता. खुर्ची पार खाली उतरवली. एका धिप्पाड हवालदाराला बुटक्या स्टुलावर बसवलं आणि वर सांगितलं, "नवी पद्धत आहे, साहेब." सकाळी शटर गुडघ्यापर्यंत उचलायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचा, "जरा हात लावा ना, गंज चढलाय याला." गंज कशाला चढलाय ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

एकदा त्याची बायको बाजारात भेटली. "सर, तुम्ही तरी सांगा यांना. डॉक्टर इंजेक्शन घ्या म्हणताहेत, हे ऐकत नाहीत. म्हणे, सरांची मान कुठं सुईनं बरी झाली? दुकान देऊन टाकतो, गावी जातो म्हणताहेत."

मी भाजी न घेताच घरी आलो.

रविवारी त्यानं माझ्या गालाला फेस लावला, वस्तरा गळ्याशी आणला, आणि मी बोललो. त्याहून वाईट वेळ मला सापडली नसती.

"भाऊ, मी सुई घेतली होती."

वस्तरा थांबला. "कधी?"

"मान बरी झाली तेव्हाच. त्या सुईनं आणि व्यायामानं."

"आन् माझा हात?"

"बरं वाटायचं. तेवढ्यापुरतं."

त्यानं वस्तऱ्यावरचा फेस टॉवेलला पुसला. मग म्हणाला, "अर्धी दाढी ठेवूनच घरी धाडायला पाहिजे तुम्हाला." पण केली पूर्ण, एकही ओरखडा न काढता. मान पुसताना अगदी हळू विचारलं, "लई दुखस का, सर?"

"मुंगी चावते तेवढं. आत स्नायू एकदा माशासारखा उडतो. मग दोन दिवस ठणका."

मी त्याच्याबरोबर माझ्याच डॉक्टरांकडे गेलो. तेवढं तर करायलाच हवं होतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की सांधा चांगला आहे, आखडलाय तो मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू. सुई हातात घेऊन ते म्हणाले, "मान सैल सोडा."

हा लाकडासारखा ताठ. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हे वाक्य माझं शे!"

डॉक्टर हसले, तोही हसला, आणि त्या हसण्यातच सुई गेली. नंतर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, एकट्या सुईनं भागणार नाही. व्यायाम हवा, मधे मधे हाताला विश्रांती हवी. आणि लोकांच्या माना मोडणं बंद. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी या खेपेला नजर चुकवली नाही.

पुढं दुपारी तो दुकानाच्या भिंतीला टेकून दोन्ही हात इंचाइंचानं वर सरकवताना दिसायचा. पोरं विचारायची, "काका, कुणी पकडलं?" तो म्हणायचा, "सरांनी!"

गेल्या रविवारी शटरला हात लावायला म्हणून मी मुद्दाम लवकर गेलो. तो नव्हता. शटर मात्र वर होतं, अगदी शेवटच्या पट्टीपर्यंत, जिथं हात पूर्ण ताणल्याशिवाय पोचत नाही. खुर्ची पुन्हा उंच केलेली. बुटकं स्टूल कोपऱ्यात, त्यावर जुन्या पेपरांचा गठ्ठा.

मी जाऊन बसलो. पलीकडच्या चहाच्या टपरीवरून हाक आली, "आलोच, सर! तोवर मान सैल सोडून बसा."