पोरीचा चेहरा

दुष्काळात आमच्या गावच्या सहकारी डेअरीवर मी दूध मोजायचो. एक बाई रोज येऊन समोर किटली आदळायची. कडेवर पाच वर्षांची लेक, अजून मानही न धरणारी. रांगेतले हलकट हमखास विचारायचे, “हे दुखणं सासरकडून आलं का माहेरकडून?”

एकदा ती भडकली. “अंबाजोगाईच्या डॉक्टरनं आमचं दोघांचंबी रक्त तपासलं. दोष आईत न्हाई, बापातबी न्हाई. गर्भ रुजतानाच नव्यानं झालाय म्हणले. मी खुशीत सासूला सांगितलं. तर ती म्हणती, दोष बापाचा न्हाई, मग पोरगी तरी बापाची कशावरून?”

 मग रांगेतला एकेक जण पोरीचा चेहरा निरखायला लागला, बापाशी जुळतो का ते. माप हातात धरून मीही निरखला. माझी मलाच अजून चीड येते.