कमोड कोणी उचलायचं?

गाझियाबादच्या आमच्या फ्लॅटमधलं कमोड पहिल्यापासूनच हलायचं. बसलं की डावीकडे टक्, उठलं की उजवीकडे टक्. धडधाकट माणसाला त्याचं काय! पण आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला, उजवं अंग गेलं, आणि ते कमोड घरातला सगळ्यात मोठा प्रश्न होऊन बसलं. दुसरा संडास देशी बैठकीचा, तिथे त्यांना बसताच येईना. एकदा कमोड कललं आणि ते भिंतीवर आपटले. खांदा काळानिळा झाला.

तेव्हापासून त्यांनी पाणी पिणं सोडलं. चहा पुढे केला की म्हणायचे, "नको, आत्ताच झाला." कुठला झाला! घरात आम्ही दोघंच, चहा करणार मीच. संडासाला जावं लागू नये म्हणून ते स्वतःला कोरडं पाडत होते. ओठांना भेगा पडल्या. डॉक्टर माझ्यावर ओरडले की असंच चाललं तर किडन्या जातील.

प्लंबर बोलावला. त्याने पायानेच कमोड ढकलून पाहिलं.

"सीट उठानी पड़ेगी. नीचे का सीमेंट-मसाला निकल गया है."

"उठाइए ना," मी म्हणाले.

"मैं नहीं उठाता, मैडम. नयी होती तो लगा देता. चली हुई सीट जमादार उठाता है. वो उठाके साफ कर दे, फिर मैं फिट कर दूँगा."

जमादार म्हणजे इकडे संडास साफ करणारा. हात पुसत तो हॉलमध्ये आला. भिंतीवर बुद्धाचा आणि त्याशेजारी निळ्या कोटातला, आमच्या प्रत्येक घरात असतो तो फोटो. त्याने फोटोकडे पाहिलं, खुर्चीतल्या आप्पांकडे पाहिलं आणि हसला.

"अच्छा. फिर तो घर में ही हो जाएगा."

तळपायाची आग मस्तकात गेली. "निकलिए," मी म्हणाले. आप्पा डाव्या हाताने लुळा उजवा हात मांडीवर नीट ठेवत राहिले.

माझी आजी नगरपालिकेत होती. टोपलीचे संडास होते त्या काळात डोक्यावरून मैला वाहायची. आप्पा शिकले, केंद्र सरकारात कारकून झाले, दिल्लीला आले, आणि आपल्या पोरीच्या हाताला ते काम लागू द्यायचं नाही, ही त्यांनी घेतलेली एकच शपथ. लहानपणी मी आमचा संडास घासायला घेतला तर ब्रश हिसकावून घ्यायचे आणि दार लावून स्वतः घासायचे. आजीबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले होते, "आई राखेने हात धुवायची, तरी वास यायचा. घास भरवायला आली की मी तोंड फिरवायचो."

सोसायटीच्या गार्डने झाडूवाल्याला पाठवतो म्हणून सांगितलं. आप्पांनी मान हलवली. "दुसऱ्याच्या पोराला माझ्या घरात हे काम सांगायचं? मी जिवंत असेपर्यंत नाही."

"मग मी करते. व्हिडिओ बघितलेत मी. आपल्याच घरचं आहे, आप्पा."

"हात लावायचा नाहीस तू."

"अहो, स्वतःचा संडास आणि लोकांचा संडास, फरक आहे की नाही?"

"हात तेच असतात," ते म्हणाले.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. प्लंबर करेना, झाडूवाला आम्हाला नको, मला परवानगी नाही. आणि आप्पा दिवसाकाठी जेमतेम कपभर पाण्यावर. मला त्यांचा भयंकर राग आला. शपथेपायी माणूस मरायला निघाला होता, आणि मी मुकाट्याने बघत बसायचं!

रविवारी दुपारी मी छिन्नी-हातोडी घेऊन आत गेले. आप्पांना कळलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

पाणी बंद केलं, साचलेलं मगाने उपसलं. गंजलेले बोल्ट तेल घालून सोडवले, कडेचं पांढरं सिमेंट फोडलं. मग कमोडला मिठी मारली आणि ते डुलवत डुलवत गोणपाटावर घेतलं. वास अंगावर आला. मी न्हाणीत जाऊन ओकले, परत आले, पाइपात चिंधी कोंबली. खाली फरशी तिरकी होती आणि टेकू म्हणून बिल्डरच्या माणसांनी रबरी चपलेचा तुकडा सरकवलेला होता. एवढ्यावर आमची इतकी वर्षं गेली होती. सगळं खरवडलं, धुतलं, ताजं सिमेंट पसरून कमोड बसवलं. कडेवर पाण्याचा ग्लास ठेवून सपाटी पाहिली, बोल्ट आवळले. सिमेंट सुकेपर्यंत बसायचं नव्हतं. आप्पांनी त्या दिवशी पाण्याचा थेंबही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आत गेले. मी दाराबाहेर कान देऊन उभी होते. टक् झालं नाही.

जेवायला बसले. डाव्या हाताने त्यांना भाकरी कुस्करता येत नाही, ती मी आमटीत कुस्करून देते, मग ते चमच्याने खातात. मी कुस्करत होते तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं आणि हात नाकाशी नेला. मी तो साबणाने कितीतरी वेळा धुतला होता. बराच वेळ त्यांनी वास घेतला.

"आईच्या हातालाही नव्हता गं वास," ते म्हणाले. "शाळेतली पोरं म्हणायची, म्हणून मी म्हणायचो."

चमचा ताटाशेजारी तसाच होता. मी हाताने घास उचलून पुढे धरला. त्यांनी तोंड फिरवलं नाही.